न जुळणारी खाच

मे महिन्यात अमरावतीला सकाळ फार थोडा वेळ टिकते. तेवढ्यात जे उरकलं ते आपलं, बाकीचं उन्हाचं. शकुन तायडे नळाची नळी हातात धरून कूलरची टाकी भरत उभी होती. नळ जायच्या आत टाकी भरली नाही तर दुपारी बादल्या वाहाव्या लागतात. गॅसवर चहा ठेवलेला, गच्चीवर शेवटच्या खेपेच्या कुरड्या पसरलेल्या. घरामागच्या टिनाच्या शेडमधून बारीक करकर येत होती. ती करकर चालू असताना घरात मोठ्यानं बोलू नये असा नियम कुणी केला नव्हता, पण शकुन पहाटेपासून भांडीसुद्धा मांजरीच्या पावलानं ठेवत होती.

आणि दारावर थाप पडली.

"राहू द्या जी, मी पायते," असं ती म्हणेपर्यंत करकर थांबलीच.

धर्मपाल तायडे या माणसाला दारावरची थाप ऐकून बसून राहता येत नाही. हा त्यांचा मोठा गुण आहे असं वलगाव रोडवरची सगळी वस्ती म्हणते, आणि वस्तीला तसं म्हणायला काय जातं? कुणाची खाट कुरकुरते, कुणाचं न्हाणीचं दार पावसाळ्यात फुगून अडतं, कुणाच्या विळ्याची मूठ निघते, की थाप यांच्या दारावर. धर्मपाल हातातलं काम खाली ठेवतात, रंधा काखेत मारतात आणि निघतात. परत येतात ते चहा पिऊन. शकुनला राग येतो तो त्या चहाचा. लोकांना वाटतं चहा पाजला म्हणजे फिटलं, आणि यांनाही तसंच वाटतं.

धर्मपाल स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत आले. भुवयांवर लाकडाचा भुसा, कानावर पेन्सिल. दार उघडलं तर उंबऱ्यात एक मुलगी उभी, तोंडाला डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळलेला, खांद्याला मोठी पिशवी. स्कार्फ सोडला तेव्हा ओळख पटली. अकोल्याची भावना, देवराव इंगळेंची लेक. पहिल्या एसटीनं आली होती, न कळवता.

"जय भीम, काकाजी."

"जय भीम," धर्मपाल म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला तो शकुनला पाठीमागूनसुद्धा दिसला. मान एवढीशी झाली होती.

शकुनने नळी टाकीतच सोडली आणि पुढे होऊन पोरीला आत घेतलं. पाणी दिलं, कूलर लावला, वाऱ्यासमोरच्या खाटेवर बसवलं. वऱ्हाडात उन्हाळ्यात पाहुण्याची जागा कूलरसमोर असते. घरातली माणसं मग भिंतीला टेकून वाऱ्याचा उरलासुरला भाग घेतात. बसवता बसवता शकुनची नजर पिशवीत गेली. पिशवीत दुसरं काही नव्हतं. एक धुतलेली जाड चादर, घडी घातलेली. मुक्कामाला आलेलं माणूस बदलायचे कपडे आणतं. नुसती चादर आणतं ते काहीतरी गुंडाळून न्यायला. शकुनने ते मनात ठेवलं.

"काम चालू होतं ना?" भावनाने विचारलं.

"होतं," धर्मपाल म्हणाले, आणि शेडकडे वळले. भावना त्यांच्या मागोमाग गेली, आणि चहाचे कप घेऊन शकुनही.

शेडमध्ये बाकावर गोधडीच्या घडीवर गिटारची पेटी, म्हणजे तिचं नुसतं धड, आडवी ठेवलेली होती. अजून तिला मान नव्हती, तारा नव्हत्या. पाठ आणि बाजू जुन्या सागवानाच्या, मधासारख्या रंगाच्या. वरची फळी फिकट, मुंबईहून मागवलेल्या विलायती लाकडाची. या दोघांचा सांधा कडेला उघडा दिसतो. ती उघडी कड दमट हवा पिते, कुठे आपटली तर तिथूनच उलते, तडकते. म्हणून कडेनं सगळीकडून एक बारीक खाच पाडायची आणि तिच्यात शिसमाची पट्टी बसवायची. साडीला फॉल-पिको करतात तसं. फॉल नसलेली साडी नेसता येते, पण ती किती दिवस साडी राहील ते सांगता येत नाही.

ही खाच धर्मपाल हातानं पाडतात. मशीन त्यांनी एकदा कुणाचं तरी वापरून पाहिलं, त्यानं फिकट लाकडाची कपची क्षणात उडवली. तेव्हापासून त्यांनी स्वतः केलेला एक लाकडी ठोकळा आहे, त्याला खाली नखाएवढं पातं. ठोकळ्याचा पाय वरच्या फळीवर टेकवायचा, गाल बाजूला चिकटवायचा आणि हळूहळू ओढत न्यायचं. पात्यानं रेघ पडते, मग रेघेच्या बाहेरचं लाकूड पटाशीनं काढायचं. बुडाकडून निघायचं, फुगलेल्या भागावरून कंबरेकडे उतरायचं, कंबरेशी लाकडाच्या धाग्याची दिशा फिरली की ठोकळाही फिरवायचा, आणि असं सबंध पेटीभोवती जाऊन निघालो तिथं परत यायचं. परत आल्यावर दोन्ही टोकांची तोंडं जुळली पाहिजेत. ती जुळली तरच पट्टी बसते.

ती जुळत नव्हती.

भावनाच्या देखत धर्मपालांनी उरलेला फेरा पुरा केला. घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता, तो त्यांनी बाहीनं टिपला, पेटीवर पडू दिला नाही. टिन आतापासूनच तापून कडकड वाजायला लागलं होतं. शेवटची कपची निघाली. त्यांनी पट्टीचा तुकडा घेऊन बुडाशी लावून पाहिला. एका बाजूला तो खाचेत बुडाला, दुसऱ्या बाजूला वर उभा राहिला, दारात पाय अडकलेल्या माणसासारखा.

धर्मपालांनी पट्टी खाली ठेवली. पटाशीवरचा भुसा पुसला. पुन्हा पट्टी उचलून लावली, जणू मधल्या वेळात काही बदललं असेल.

"माझ्यामुळं झालं," भावना म्हणाली. "मी थाप मारली अन् तुमचा हात उठला."

"नाई पोरी. कालबी असंच झालं. काल कोणी आलं नोतं."

शकुनला हे माहीत होतं. काल तिने बाहेरच्या दाराला आतून कडी घालून, वस्तीतल्या दोन बायकांना फाटकातूनच परत पाठवलं होतं. नवरा घरी नाही असं सांगितलं होतं, आणि मागून करकर ऐकू येत असताना त्या दोघी तिच्याकडे ज्या नजरेनं पाहून गेल्या ती नजर तिला अजून टोचत होती. एवढं करून खाच चुकलीच. परवाही चुकली होती. चुकलेल्या जागी धर्मपाल त्याच लाकडाची झिलपी सरस लावून बसवत, वाळू देत, आणि पुन्हा पाडत. पण काठ तरी किती वेळा उसवायचा? आतून पेटीला जी दातेरी पट्टी चिकटवलेली असते, तिच्यापर्यंत आता कागदाएवढंच लाकूड उरलं होतं. पातं तिच्या पलीकडे गेलं की पेटी कडेनं उघडी पडणार.

"एक वेळचं लाकूड बाकी हाय," धर्मपाल म्हणाले, आणि त्यांनी पेटीकडे पाठ केली.

दुसरी पेटी करता आली असती, जर लाकूड दुसरं असतं. हे लाकूड देवरावांच्या घरचं होतं.

देवराव आणि धर्मपाल एका गायन पार्टीतले. धर्मपाल तेव्हा अकोल्याला एका आरा मशीनवर लागले होते, दिवसा चौकटी करायचे आणि रात्री बेंजो वाजवायचे. देवराव गायचे. मूर्तिजापूर, दर्यापूर, मोर्शी, जिथे म्हणून बुद्धविहारापुढे मंडप पडायचा तिथे ही पार्टी जीपमध्ये हार्मोनियम-ढोलकी कोंबून जायची. देवरावांचा आवाज वर चढायचा तेव्हा धर्मपालांचा बेंजो त्याच्या खालून असा पळायचा की म्हाताऱ्या बाया रडता रडता हसायच्या. शकुनने धर्मपालांना पहिल्यांदा पाहिलं ते मोर्शीच्या अशाच एका मंडपात. माईक गायकाला होता, ढोलकीला होता, बेंजोला नव्हता. मागच्या लोकांना वाजलेलं ऐकूच जात नव्हतं आणि हा माणूस मान खाली घालून जीव ओतून वाजवत होता. माईक मागावा हे त्याला सुचलं नव्हतं, की सुचून जिभेवर आलं नव्हतं, हे शकुनला लग्नानंतरही नक्की कळलं नाही.

पुढे पार्ट्यांमध्ये की-बोर्ड आला. त्यातून बेंजोही निघायचा, सनईही निघायची. एका संध्याकाळी धर्मपाल धुतलेला सदरा घालून, बेंजो फडक्यात बांधून रस्त्यावर उभे राहिले आणि जीप आलीच नाही. ती दुसऱ्या गल्लीनं गेली होती. तसे ते आणखी दोनदा उभे राहिले. मग त्यांनी बेंजो माळ्यावर ठेवला. काय झालं, काहून झालं, हे विचारायला देवरावांच्या घरी गेले नाहीत. घर चार गल्ल्या पलीकडे होतं.

शकुनच्या भावानं अमरावतीला फर्निचरच्या दुकानात काम लावून दिलं म्हणून ते इकडे आले. दारं, खिडक्या, टीव्हीची कपाटं. मग एक दिवस एका म्युझिक क्लासचा पोरगा मान निखळलेली गिटार घेऊन आला. सुताराकडेच आणणार, आणखी कुणाकडे? धर्मपालांनी ती उलटून पालटून पाहिली, कानाशी लावून टकटक केली, आणि शकुनने कितीतरी वर्षांनी त्यांच्या चेहऱ्यावर ते मोर्शीच्या मंडपातलं काहीतरी पाहिलं. त्यानंतर क्लासवाले येतच राहिले. उन्हाळ्यात प्लायच्या गिटारींची पोटं फाटायची, पावसाळ्यात माना वाकायच्या. एवढ्या जोडल्यावर मग एक आपण करावी असं त्यांना वाटलं. बोलून दाखवलं नाही. शेडमध्ये एका लोखंडी पाइपाखाली स्टोव्ह पेटवून तापल्या पाइपावर लाकडाच्या पातळ फळ्या वाकवायला लागले, तेव्हा शकुनला कळलं.

देवराव वारले तेव्हा दोघं अकोल्याला जाऊन आली. पुढे त्यांचं घर रस्ता रुंद करण्यात गेलं. भिंतीतल्या कपाटाचं सागवानी दार भावनाने काढून ठेवलं होतं. त्या दारावर बोटांनी ठेका धरून देवराव गाणी बसवायचे. भावना ते रिक्षात घालून थेट अमरावतीला घेऊन आली. ती शाळेत शिकवते आणि कार्यक्रमांत गाते. गिटार वाजवते, पण ती मैत्रिणीची मागून आणलेली. तिने विचारलं होतं, काकाजी, याची होते का? धर्मपालांनी दारावरून हात फिरवला होता आणि "पाहू" म्हणाले होते. त्यांच्या तोंडचा हा शब्द म्हणजे स्टँपपेपरवरची सही, हे फक्त शकुनला ठाऊक. त्याला आता सव्वा वर्ष होत आलं होतं.

शेडमध्ये थांबवेना, तशी तिघं आत आली. शकुनने पेटी उचलून आणली आणि नेहमीप्रमाणे खाटेवर, कूलरच्या वाऱ्यात ठेवली. भावना शेजारी बसली. मग हळूहळू, शकुनच्या अंदाजाप्रमाणे, चादरीचा विषय निघाला.

भावनाने तो आडून आडून काढला. शाळेतल्या एकीचा भाऊ पुण्याहून नवी गिटार आणून देतो म्हणाला आहे, चांगली येते. काकाजींच्या डोळ्यांना त्रास. एवढ्या उन्हात टिनाखाली बसायचं. आता राहू द्यावं. पेटी आहे तशी ती घेऊन जाईल, भिंतीला लावेल, बाबांची आठवण म्हणून. हे सगळं ती पेटीकडे पाहून बोलत होती, धर्मपालांकडे नाही.

"तुया आईनं, इंदूबाईनं सांगतलं का हे?" शकुनने सरळ विचारलं.

भावनाला खोटं बोलता आलं नाही. आई म्हणते, धर्मपाल तुझ्या बापाच्या दाराचा भुसा करून टाकील, त्याच्या आधी घेऊन ये. एवढं बोलून ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण कोंडलेलं एकदा निघालं की निघतं. आई आणखीही म्हणते, ती म्हणाली. की-बोर्ड आणला तेव्हा बाबा रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचे. धर्मपाल येईल, भांडेल, मग त्याला जीपमध्ये घालून नेता येईल, पार्टीतल्या बाकीच्यांना सांगता येईल की हा ऐकत नाही. बाबांना स्वतःहून यायला तोंड नव्हतं. ते वाट पाहत होते.

"आई म्हणते, थो आलाच नाई. एक डाव बोलला असता तं वाजवत असता."

धर्मपाल भिंतीला टेकून बसले होते, गुडघ्यांवर हात. ते उठले आणि मागे शेडमध्ये गेले. करकर मात्र आली नाही.

शकुनला त्या क्षणी कुणाचा राग आला हे तिला सांगता आलं नसतं. इंदूबाईचा आला, मेलेल्या देवरावांचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या शेडमध्ये मुकाट जाऊन बसलेल्या माणसाचा. आताही नाही बोलायचं? पोरगी समोर बसली आहे. नेऊ नको म्हण. निदान ने तरी म्हण. लग्नाच्या पंगतीत वाढपी चुकून ओलांडून गेला तरी हा माणूस पत्रावळीकडे बघत बसतो. शेजारणीला शकुनच सांगते, दुकानदाराशी शकुनच भांडते, आणि लोक म्हणतात धर्मपाल देवमाणूस, बायकोच जरा तिखट.

तिने तो राग स्वयंपाकघरात नेला. पोरीला उपाशी पाठवायची नाही. आंबे काढले, रस केला, कढई चढवली. रसासोबत कुरड्या तळायच्या म्हणून पुढच्या खोलीत गेली. पहिल्या खेपेच्या कुरड्यांचा डबा तिथे फळीवर होता, खाटेच्या डोक्याशी. या कुरड्या तिने गच्चीवरच्या कडक उन्हात वाळवल्या होत्या, नखानं वाजवल्या तर काचेसारख्या वाजायच्या. डब्याचं झाकण जरा तिरपं बसलं होतं. तिने एक कुरडई हातात घेऊन मोडून पाहिली.

ती मोडली नाही. वाकली.

शकुनने दुसरी घेतली. तीही वाकली, चामड्यासारखी. सादळल्या होत्या सगळ्या. बाहेर एवढा उन्हाळा, की पापड घालताना कड सुकून उलटते, आणि या घरातल्या घरात सादळल्या. डबा कूलरच्या तोंडाशी होता, आणि झाकण नीट नव्हतं. दुसरं काय असणार? ती स्वतःवर चरफडत झाकण दाबून बसवायला गेली आणि तिचा हात तसाच राहिला.

फळीच्या खाली खाट होती. खाटेवर पेटी होती. कूलरचा गार, ओला वारा तिच्यावरून वाहत होता.

मागच्या उन्हाळ्यात धर्मपालांनी सरावासाठी साध्या लाकडाची एक पेटी केली होती. ती शेडच्या तापानं रातोरात उलली होती. त्यानंतर ही पेटी आली तेव्हा शकुनने तिची जबाबदारी स्वतःकडे घेतली. सकाळी ते काम करतील तेवढीच ती शेडमध्ये. काम थांबलं की आत, कूलरसमोर. रात्रभर तिथेच. पाहुण्याची जागा तिने त्या पेटीला दिली होती. आणि त्यात तिला धन्यताही वाटायची, की देवरावांच्या लाकडाला आपण ऊन लागू दिलं नाही.

"कढई जळून राहिली, काकू," भावना म्हणाली.

शकुनने गॅस बंद केला आणि मागच्या दारात जाऊन उभी राहिली. धर्मपाल शेडमध्ये रिकाम्या बाकासमोर बसले होते. तिने हातातली कुरडई त्यांच्यापुढे धरली.

"हे पाहा जी. वाकते."

त्यांनी आधी कुरडईकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हिचं डोस्कं फिरलं की काय, असं.

"कूलरच्या हवेनं सादळली," ती म्हणाली. "पेटी रातभर तिथंच असते. मीच ठेवते थे."

धर्मपाल उठले, भिंतीवरची मोजायची पोलादी पट्टी काढली आणि आत गेले. खाटेवरच्या पेटीच्या पोटावर, वरच्या फळीवर, त्यांनी ती पट्टी आडवी ठेवली आणि एका टोकाला बोट लावलं. पट्टी सी-सॉसारखी झुलली. मधे टेकलेली आणि दोन्ही टोकांखाली उजेड. थोडा फुगवटा त्यांनी स्वतःच ठेवला होता, तो लागतोच. एवढा नाही. त्यांनी पेटी उचलली आणि शेडमध्ये नेली.

शकुनने भावनाला जेवायला वाढलं. तिने कुरड्या ताटात न दिसल्याचं काही विचारलं नाही. रस खाताना तिची बोटं थांबायची, कान मागे. पिशवी तिने पायाशी ओढून घेतली होती. चार वाजताच्या एसटीनं जाईन असं म्हणत होती, आई एकटी असते. शकुनने थांब म्हणून पाहिलं.

जेवण झालं, भांडी पडली, तेव्हा धर्मपाल पेटी घेऊन आत आले. सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी पेटी या वेळी खाटेवर ठेवली नाही, दोन्ही हातांत धरून उभे राहिले, कूलरपासून दूर, दाराच्या कोपऱ्यात.

"तिथं पोलादी पट्टी बसते," ते म्हणाले. "इथं झुलते."

एवढंच बोलले, पण शकुनला पुढचं सगळं दिसलं. सकाळी पेटी शेडमध्ये जाते तेव्हा ती पाणी प्यालेली असते, पोट फुगलेलं. ठोकळ्याचा पाय त्या फुगीर पोटावर टेकून कलतो आणि पातं एका अंगानं चालतं. टिन तापतं तशी पेटी सुकते, पोट खाली बसतं, आणि ठोकळा सरळ होत जातो. फेरा संपेपर्यंत पेटी वेगळीच झालेली असते. हात चुकलाच नव्हता. थाप पडो न पडो, तोंडं जुळणारच नव्हती. आणि हा माणूस इतके दिवस आपल्या हाताला दोष देत होता. चष्मा बदलून आणला होता. पात्याला धार लावून लावून ते अर्धं केलं होतं.

आता पेटीला एकच हवा पाहिजे होती. शेडची नाही, ती उलवते. कूलरची नाही, ती फुगवते. घरात दोनच खोल्या, आणि स्वयंपाकघरात वाफ. राहिली ही खोली. खिडक्या लावून, ओलं काही न ठेवता पेटीला आज इथे निवू द्यायचं, रात्रभर, आणि उद्या उजाडता इथेच, जागा न बदलता, शेवटचा फेरा घ्यायचा. म्हणजे कूलर बंद. मे महिन्यात, भर दुपारी, अकोल्याहून आलेल्या पाहुण्याच्या तोंडासमोरचा.

भावना उठून उभी राहिली होती. तिने पिशवीतून चादर काढली होती आणि ती दोन्ही हातांत धरून होती, अर्धी उलगडलेली. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, खिडकीच्या फटीतून उन्हाची एक पांढरी रेघ फरशीवर पडली होती. काकाजी, मी जाते आता, असं ती म्हणाली, पण पेटीकडे तिने हात पुढे केला नाही.

शकुनने तोंड उघडलं. सवयच ती. यांच्या वतीनं बोलायचं, कारण दुसरं कुणी बोलणार नाही. ती म्हणणार होती की थांब बाई, हे असं असं आहे, तुला रात्री गच्चीवर अंथरूण घालते, तुझ्या आईला मी फोन करते. शब्द ओठांवर आले होते. तिने धर्मपालांकडे पाहिलं. पेटी त्यांनी छातीशी धरली होती, जशी ते पूर्वी फडक्यातला बेंजो धरून रस्त्यावर उभे राहायचे. त्यांनी भावनाकडे तोंड वळवलं. शकुनने ओठ मिटून घेतले.

कूलर घरघरत होता.

"भावना," धर्मपाल म्हणाले, "आजचा दिवस अन् आजची रात मले कूलर बंद ठेवू दे."